दिसतेय का सध्या?

दर उन्हाळ्यात मला चार-पाच मेसेज ठरलेले. शाळेच्या ग्रुपवरचं कुणीतरी, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणीतरी, मंडळातल्या ओळखीच्यांचे ओळखीचे. यलोस्टोनला निघालेले असतात, वाटेत सॉल्ट लेक सिटीत एक मुक्काम असतो, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की तिथल्या खाऱ्या तळ्यात दगडांची एक अवाढव्य गोगलगाय आहे. मग विचारतात, "स्पायरल जेट्टी दिसतेय का सध्या?"

मी गेली कित्येक वर्षं "हो" म्हणतेय. समोरून टाळ्या आणि नाचणाऱ्या बाईची इमोजी. आणि दर वेळी मला वाटतं, अरे, नाचताय काय? ती दिसतेय हीच तर वाईट बातमी आहे.

आज एकदाचं ते लिहून टाकते. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रॉबर्ट स्मिथसन नावाच्या न्यू जर्सीतल्या कलाकाराने १९७० च्या एप्रिलमध्ये युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या ईशान्य किनाऱ्यावर, रोझेल पॉइंट या ठिकाणी, पाण्यात एक दगडी वाट बांधली. लांबी १५०० फूट, रुंदी १५ फूट. किनाऱ्यावरून निघून सरळ पाण्यात जाते आणि मग डावीकडे वळत वळत स्वतःभोवती गुंडाळली जाते. साडेसहा हजार टनांहून जास्त काळा बसाल्ट आणि माती. दोन टिपर, एक लोडर, एक ट्रॅक्टर आणि ऑग्डेनचा बॉब फिलिप्स नावाचा ठेकेदार, ज्याला तळ्यात बांध घालण्याचा अनुभव होता. पैसे दिले व्हर्जिनिया ड्वान या गॅलरीवाल्या बाईंनी. पहिल्यांदा जो आकार झाला तो स्मिथसनला पटला नाही. मशिनं निघून गेली होती, ती त्याने परत बोलावली आणि दगड हलवून आत्ताचा आकार करून घेतला. (घराचं काम काढलेल्या कुणालाही ठेकेदाराचा त्या वेळचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येईल.)

दोन वर्षांत तळ्याचं पाणी चढलं आणि जेट्टी बुडाली. १९७३ च्या जुलैमध्ये टेक्सासमध्ये दुसऱ्या एका कामाची जागा विमानातून बघताना विमान कोसळून स्मिथसन गेला. वय ३५. पुढे जवळजवळ तीस वर्षं, मधला थोडा काळ सोडला तर, जगातली ही सगळ्यात प्रसिद्ध भूमिशिल्पांपैकी एक कलाकृती कुणाला दिसलीच नाही. लोक फोटोंवरून आणि स्मिथसनने स्वतः काढलेल्या बत्तीस मिनिटांच्या फिल्मवरून तिच्यावर प्रबंध लिहीत होते. २००२ नंतर ती वर आली ती बहुतेक वरच आहे.

इतकं मला आधीपासून माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे मात्र आमच्या अण्णांमुळे कळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ते आणि आई आमच्याकडे आले होते. ब्राइस कॅनियन झालं, मॉर्मन टेंपल झालं, कॉस्टको तीनदा झालं. मग एका शनिवारी मी म्हटलं, चला, तुम्हाला एक गंमत दाखवते.

सॉल्ट लेक सिटीहून उत्तरेला जायचं, ब्रिगहॅम सिटीपाशी हायवे सोडायचा, कॉरिनला पेट्रोल भरायचं, कारण पुढे पंप नाही. मग प्रॉमंटरी लागतं. १० मे १८६९ ला अमेरिकेच्या पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रेल्वेचे रूळ जिथे जोडले, तेच ते. तिथे अण्णा रमले, जुन्या इंजिनांच्या प्रतिकृतींपाशी अर्धा तास गेला. तिथून पुढे पंधरा-सोळा मैल खडीचा रस्ता. दोन्ही बाजूंना झुडपी माळ, मधेच गुरं, फोनला रेंज नाही. आईने दोनदा विचारलं, "अगं, नक्की आहे ना तिथे काही?"

रस्ता तळ्याच्या काठाला लागला तसं अण्णांनी काच खाली केली आणि बोट दाखवलं, "ती का गं?" तिथे एक सरळसोट जुना बांध आत गेलेला दिसतो. ती जेट्टी नव्हे. या किनाऱ्यावर डांबरासारखं तेल झिरपतं, ते काढायचे जुने प्रयत्न झाले होते, त्यांचे ते अवशेष. पुष्कळ लोक तिथेच उतरून फोटो काढून परत जातात म्हणे. मी म्हटलं, "नाही अण्णा, तो खरा बांध आहे. आपला पुढे आहे, खोटा."

टेकडीच्या उतारावर गाडी लावली. खाली ती होती, काळी, गुंडाळलेली, पांढऱ्याशुभ्र मिठात. सगळीकडे मीठच मीठ. पाणी कुठे आहे म्हणून बघितलं तर लांब, क्षितिजाला टेकून, गुलाबी रेघ.

अण्णा खाली उतरले, जेट्टीच्या कडेचा एक दगड बुटाने हलवून बघितला आणि म्हणाले, "पिचिंग बरं केलंय." धरणाच्या उतारावर दगड बसवतात ते पिचिंग. मग लगेच, "पण टिपर रुतले कसे नाहीत? हा तळ तर सगळा गाळ आहे." त्या ठेकेदारालाही नेमकी हीच धास्ती होती, हे मी वाचलं होतं. ते सांगितल्यावर अण्णांचा त्या अनोळखी माणसाबद्दलचा आदर इतका वाढला की कलाकार बाजूलाच राहिला.

आईचा प्रश्न वेगळा होता. आत शिरून दहा पावलं गेल्यावर ती थांबली. "ही प्रदक्षिणा उलटी होतेय." खरंच आहे, आत जाताना डावीकडे वळत जावं लागतं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. मी म्हटलं, "अगं, देऊळ नाहीये हे." पण ती काठावर उभी राहून हिशेब करत होती. मग तिचं तिनेच सोडवलं, "जाताना उलटी, येताना सुलटी. चल." आणि नातवाचा हात धरून निघाली. मध्यात काय आहे, असं मुलाने विचारलं. मध्यात काहीही नाही. वाट संपते. आम्ही चौघं तिथे उभे राहिलो आणि कुणालाच काही सुचेना, तेव्हा आईने पिशवीतून चिवडा काढला.

मला वाटलं होतं अण्णा म्हणतील, याला काय काम? नऊ दशांश लोक तेच म्हणतात आणि मला त्या प्रश्नाचा राग येत नाही. पण ते गप्प होते. त्यांनी जेट्टीच्या मधल्या दगडांवर एका उंचीपर्यंत चढलेलं मीठ बघितलं, मग लांबच्या गुलाबी रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "हा दुतोंड्या मारुती आहे."

नाशिककरांना सांगायला नको. इतरांसाठी: गोदाघाटावर रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, एक तोंड इकडे, एक तिकडे. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिकमध्ये कुणी क्युसेक विचारत नाही. मारुतीच्या कुठे आलंय ते विचारतात. गुडघ्याला म्हणजे ठीक, कमरेला म्हणजे भांडीबाजारातल्या लोकांनी आवरायला घ्यायचं, छातीला म्हणजे सराफ बाजाराने आशा सोडायची. सरकारी आकडा नंतर येतो, मारुती आधी सांगतो. मूर्ती म्हणून ती सुंदर आहे की नाही, याचा विचार मी चाळीस वर्षांत केलेला नाही. तिचं काम आहे उभं राहणं आणि पाणी कुठवर आलं ते दाखवणं.

फक्त इथे सगळं उलट आहे. आपल्याकडे मारुती बुडाला की काळजी. इथे बुडत नाही ही काळजी.

आकडे सांगते. तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ४१९५ फुटांच्या खाली गेली की जेट्टी दिसते. १९८६-८७ मध्ये पातळी ४२११ फुटांच्या वर होती, म्हणजे जेट्टीवर सोळा-एक फूट पाणी. तेव्हा हायवे आणि रेल्वे वाचवायला युटा सरकारने सुमारे सहा कोटी डॉलर घालून प्रचंड पंप बसवले आणि तळ्याचं पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकलं. दोन वर्षं फेकत होते. हे ऐकून अण्णांनी कपाळाला हात लावला होता. आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आम्ही जाऊन आल्यावर दोनच महिन्यांनी, पातळी ४१८८.५ फुटांवर आली, मोजमाप सुरू झाल्यापासूनचा नीचांक. पस्तीस वर्षांत तेवीस फूट. हे तळं ताटासारखं उथळ आहे, त्यामुळे एक फूट उतरलं की काठ मैलांनी मागे जातो.

"पाणी उचलतं कोण?" हा अण्णांचा पुढचा प्रश्न.

बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन नद्या तळ्याला मिळतात. तळ्यातून बाहेर जाणारी एकही नाही, आलेलं पाणी फक्त वाफ होऊन जातं, म्हणून तर मीठ साठतं. नद्यांचं पाणी वरच्या वरच कालव्यांनी वळवलं जातं. शहरं घेतात, खनिज काढणाऱ्या कंपन्या घेतात, पण सगळ्यात मोठा वाटा शेतीचा आणि त्यातही मोठं पीक अल्फाल्फा. अल्फाल्फा म्हणजे काय, असं अण्णांनी विचारलं. येताना रस्त्याच्या कडेला गुरांच्या चाऱ्याची हिरवीगार शेतं दिसली होती, तीच ती, असं सांगितलं. "ही तर लसूणघास!" म्हणाले. "पावसाच्या नावाने ठणठणाट आणि लसूणघास?"

हवामान तापतंय, वाफ वाढलीय, दुष्काळी वर्षंही आली, ते सगळं आहेच. पण पाण्याचा कायदा इथे असा की जो आधी आला त्याचा हक्क आधी, आणि वापरलं नाही तर हक्क जाण्याची भीती. तळ्याच्या नावावर एक थेंबही नव्हता. २०२२ मध्ये कुठे कायदा बदलून शेतकऱ्याला आपल्या हक्काचं पाणी तळ्यासाठी भाड्याने देता येईल अशी सोय झाली.

अण्णांनी यावर जे वाक्य टाकलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "म्हणजे हे तळं टेलचा शेतकरी आहे."

कालव्याच्या सुरुवातीला तो हेड, शेवटाला तो टेल. हेडचा माणूस आवर्तन सुटलं की भरभरून घेतो, मधला चारी फोडून घेतो, आणि टेलच्या माणसाकडे पाटकरी येतो तो कोरडा. अण्णांची सगळी नोकरी वरच्या अंगाला गेली. खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगरमध्ये काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. समन्यायी वाटपाच्या नावाने घरात जेवताना ते काय काय बोलायचे, तेही मला आठवतं. तो माणूस त्या दिवशी मिठात उभा राहून टेलच्या बाजूने भांडत होता. मी काही बोलले नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

या जेट्टीबद्दल कलेच्या लोकांशी बोललं की एक शब्द हमखास येतो: एंट्रॉपी. स्मिथसनला मोडकळीचं आकर्षण होतं. वस्तू झिजतात, विस्कटतात, निसर्ग त्यांना खातो, हेच त्याला दाखवायचं होतं. ते खरंच आहे, आणि त्यातून ही मंडळी सहज पुढे जातात की बुडणं हाही कलाकृतीचा भाग, मीठ चढणं हाही, आणि आता कोरडं पडणं हाही. सगळं कसं छान बसतं. एका कार्यक्रमात एका बाईंनी मला हे इतक्या शांतपणे समजावलं की घरी येऊन मला राग आला.

कोरडं पडणं यात बसत नाही. पाणी चढून दगड बुडाले तर ते तळ्याने केलं. इथे तळंच नाहीसं होतंय, आणि ते कालव्याच्या दारांनी केलंय. दारं कोण उघडतं, कधी उघडतं, किती उघडतं, सगळ्याच्या नोंदी आहेत. ज्याची नोंदवही असते त्याला निसर्गाची लीला म्हणू नये. आमच्या घरात तरी म्हणत नाहीत.

आणि दुसरं, साधं. जेट्टी म्हणजे काय? जिच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं ती. स्मिथसनच्या फिल्ममध्ये तो तिच्यावरून धावत जातो, वरून हेलिकॉप्टर, आणि दोन्ही अंगांना लाल पाणी चमकतंय. ते पाणी काढून घेतलं तर उरतो तो शेतातला बांध. आम्ही चालून आलो ते बांधावरून. दगड सगळे जागच्या जागी आहेत, कलाकृती मात्र गहाळ आहे.

माझ्या म्हणण्यात एक भोक आहे, ते मीच दाखवते. ज्या लाल पाण्यासाठी स्मिथसन इथे आला, तेही माणसानेच केलेलं. १९५९ मध्ये रेल्वेसाठी तळ्याच्या मधून भराव टाकला आणि तळ्याचे दोन भाग झाले. नद्या सगळ्या दक्षिण भागात येतात. उत्तरेच्या भागाला गोडं पाणी जवळजवळ मिळेनासं झालं, तिथे खारटपणा समुद्राच्या सात-आठपट गेला, आणि एवढ्या मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढून पाणी लाल-गुलाबी झालं. (लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं ते आठवतंय? पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तेव्हा तिथेही असेच मीठप्रेमी जीव निघाले. पाणी उतरलं, मीठ वाढलं, रंग आला. खाली खडकही बसाल्टच, फक्त दख्खनचा. त्या वेळी लोणारचे फोटो बघून आपणही "किती सुंदर" म्हणालोच होतो.) इतकंच नव्हे, २०२२-२३ मध्ये दक्षिण भागातलं मीठ हाताबाहेर जाऊ नये म्हणून सरकारने त्या रेल्वे-भरावातल्या खिंडीतला बंधारा आणखी उंच केला. दक्षिणेला श्वास मिळाला आणि जेट्टीची बाजू आणखी कोरडी पडली. टेलच्याही पुढचा टेल.

तेव्हा "निसर्ग विरुद्ध माणूस" अशी सोपी मांडणी मला करता येत नाही, हे कबूल. स्मिथसनला ती करायचीही नव्हती, नाहीतर तेलाच्या गंजक्या सामानाशेजारी जागा निवडली नसती. पण रंग बदललेलं तळं आणि नसलेलं तळं यांत फरक आहे. पहिल्यात ब्राइन श्रिंप नावाची बारीक कोळंबी दक्षिणेला तरी तगून राहते आणि तिच्यावर लाखो पक्षी पोसले जातात. दुसऱ्यात धूळ उडते. उघड्या पडलेल्या तळात आर्सेनिक आहे आणि वाऱ्याच्या वाटेवर पंचवीसेक लाख माणसं राहतात. त्यात माझा मुलगा आहे, ज्याला दम्याचा पंप लागतो. उत्तरेच्या गनिसन बेटावर पेलिकन पक्ष्यांची मोठी वसाहत होती. पाणी उतरून बेट जमिनीला जोडलं गेलं, कोल्ह्यांच्या जातीच्या कायोटींना वाट मिळाली, आणि २०२३ मध्ये पेलिकन घरटी सोडून गेले.

म्हणून मला ही जेट्टी बुडालेली हवी आहे. अगदी पूर्ण. फोटो मिळू नये, ड्रोनवाल्यांनी परत जावं, कुणीतरी नाशिकहून एवढा लांबचा प्रवास करून यावं आणि टेकडीवरून नुसतं पाणी बघावं. काही जण म्हणतात की ती दगड घालून उंच करावी, स्मिथसननेही तसा विचार केला होता. माझा साफ विरोध आहे. मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं म्हणून कुणी मारुतीखाली चौथरा बांधत नाही.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात युटात विक्रमी बर्फ पडलं आणि उन्हाळ्यात तळं काही फूट वर आलं. मी आनंदाने नाशिकला फोन केला. अण्णांना आधीच माहीत होतं. इथे अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचं तळ्याच्या पातळीचं मोजमाप रोज वेबसाइटवर येतं. अण्णांनी तो दुवा फोनवर जपून ठेवलाय. सकाळी पेपरात गंगापूर, दारणा, मुकणे ही धरणं किती टक्के भरली ते बघायचं आणि मग ग्रेट सॉल्ट लेक. "एका वर्षाच्या बर्फावर जाऊ नकोस," म्हणाले. "एका पुराने धरण भरतं, सवय भरत नाही." वर लसूणघाशीची किती कापणी झाली, तेही विचारलं. मला कुठलं माहीत असायला!

तर, या उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी. कॉरिनला टाकी पूर्ण भरा. माणशी दोन लिटर पाणी घ्या, तिथे नळ नाही, सावली नाही, संडास प्रॉमंटरीलाच उरकून घ्या. जुने बूट घाला, मीठ निघत नाही, माझ्या मुलाचे शेवटी टाकून दिले. पहिला सरळ बांध दिसला की उतरू नका, पुढे जा. मध्यात दगडांवर दगड रचून ठेवू नका, खिशातही घालू नका. आत जाताना उलटी प्रदक्षिणा होते, बरोबर सासूबाई असतील तर आधीच सांगून ठेवा.

आणि फोटो काढाल त्यात जेट्टीबरोबर मागचं पाणीही येऊ दे. कुठवर आलंय ते नीट दिसलं पाहिजे. मला पाठवा, अण्णांना पुढे पाठवायचाय.